पंगतीत पहिल्यांदा बसताय? मीठ वाढल्यापासून विडा खाईपर्यंत

लग्नपत्रिकेत तळाशी 'भोजन : दुपारी १२.३० पासून' एवढंच छापलेलं असतं. बुफे आहे की पंगत, हे कुणी लिहीत नाही. बुफे असला तर फारसं काही बिघडत नाही. पंगत असली की मात्र शहरात वाढलेली मुलं, परदेशातून सुट्टीला आलेली भाचरं आणि दुसऱ्या राज्यांतून मराठी घरात आलेले जावई-सुना जरा बिचकतात. समोर पान येतं, त्यावर भराभर दहा-बारा पदार्थ पडतात. हात कधी लावायचा, नको कसं म्हणायचं आणि उठायचं कधी, यातलं काहीच कळत नाही.

ध्यानात ठेवायची गोष्ट खरं तर एकच आहे. पंगतीत आपण आपल्या भुकेच्या वेगाने जेवत नाही, रांगेच्या वेगाने जेवतो. वाढणारे एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला जातात आणि सगळ्यांचं जेवण त्यांच्या पावलांनी पुढे सरकतं. बाकीचे बहुतेक रीतिरिवाज यातूनच निघालेले आहेत.

बसण्याआधी

हात धुऊन या आणि बोलावल्यावर बसा. 'पानं घेतली आहेत, चला' अशी हाक येते. मंगल कार्यालयांत हल्ली ती हाक येण्याआधीच लोक जेवणाऱ्यांच्या खुर्च्यांमागे जाऊन उभे राहतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, त्यातलाच हा प्रकार. पाठीमागे कुणी ताटकळत उभं असलं की पुढच्या माणसाचा मठ्ठासुद्धा घशाखाली उतरत नाही. दहा मिनिटं उशिरा जेवलात तर चालेल, पण हे करू नका.

कुठे बसायचं हेही बघा. ज्या पानांभोवती रांगोळी काढलेली आहे, उदबत्ती लावलेली आहे, चांदीची ताटं मांडली आहेत, ती जागा नवरा-नवरीची, व्याह्यांची आणि विहीणबाईंची. तिथे कुणी हाताला धरून बसवलं तरच बसायचं. बाकी रांगेत मधे जागा सोडून बसू नका. दोन मित्रांसाठी तीन पानं अडवून ठेवली की वाढणाऱ्यांचा अंदाज चुकतो आणि वाढलेलं पान वाया जातं.

जमिनीवर पाट किंवा सतरंजी असेल तर मांडी घालून बसायचं. गुडघे साथ देत नसतील तर आधीच खुर्ची मागा, यजमानांना त्यात काही वाटत नाही. पंगत सुरू झाल्यावर पाय लांब करणं मात्र बरं दिसत नाही, कारण समोरून वाढणारे ये-जा करत असतात आणि पानांना पाय लागू द्यायचा नसतो.

उपवास असेल, गोड चालत नसेल, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ते बसण्यापूर्वी घरच्या कुणाच्या तरी कानावर घाला. उपवासाचं वेगळं पान बहुतेक घरी असतंच. शेंगदाण्याचं मात्र खरोखर विचारून घ्या. अळूच्या भाजीत, कोशिंबिरीत, पंचामृतात, सगळीकडे दाणे असतात आणि कुटाच्या रूपात ते डोळ्यांना दिसत नाहीत.

पान वाचायला शिका

केळीचं पान असेल तर त्याचं निमुळतं टोक आपल्या डाव्या हाताला येईल असं मांडलेलं असतं. त्यावर थोडं पाणी शिंपडून हाताने पुसून घ्या. पळसाची पत्रावळ असेल तर काड्या नीट बसल्या आहेत का ते बघा आणि द्रोण कलंडणार नाही असा टेकवून ठेवा. कलंडलेल्या द्रोणातली आमटी थेट मांडीवर येते.

पानावर प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली आहे. वर मध्यभागी मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, पंचामृत. भजी, पापड, कुरडई हेही त्याच बाजूला. उजवीकडे बटाट्याची सुकी भाजी, अळूची पातळ भाजी, उसळ, आमटी. खाली आपल्या समोर भाताची मूद, तिच्यावर वरण आणि वरणावर तूप. डावीकडचं बोटाने चाखायचं, उजवीकडचं पोटभर खायचं, आणि जे जास्त खायचं ते जेवणाऱ्या हाताच्या जवळ, असा साधा हिशेब त्यामागे आहे.

इथे नवख्यांचा हमखास होणारा गोंधळ सांगून ठेवतो. पानावरचं पंचामृत म्हणजे पूजेतलं दूध-दही-मधाचं तीर्थ नव्हे. मिरच्या, चिंच, गूळ, तीळ आणि दाण्याचं कूट घालून शिजवलेला तो आंबटगोड तिखट पदार्थ आहे. ओंजळ पुढे करू नका. आणि अळूचं फदफदं दिसायला कसंही असलं तरी खाऊन बघा. त्यात हरभऱ्याची डाळ, दाणे, खोबऱ्याचे काप, मुळा असं बरंच काही असतं. लग्नाचा आचारी कसा आहे ते माझ्या मते जिलबीवरून ठरत नाही, अळूवरून ठरतं.

तूप येईपर्यंत हात मांडीवर

वाढायला मिठापासून सुरुवात होते आणि साजूक तुपाने वाढप पूर्ण होते. तुपाला पंगतीत 'अन्नशुद्धी' म्हणतात. तामली, म्हणजे तुपाचं छोटं भांडं, घेऊन येणारा माणूस रांगेच्या शेवटच्या पानापर्यंत पोहोचला की समजायचं, आता सुरुवात. तोवर पापडाचा तुकडासुद्धा मोडायचा नाही. तुम्ही रांगेच्या आरंभी बसला असाल तर हा वेळ फार लांब वाटतो, कारण तुमचं पान सगळ्यात आधी भरलेलं असतं. फोटो काढायचा तर तो याच वेळात काढून घ्या.

मग कुणीतरी 'वदनि कवळ घेता' सुरू करतं आणि सगळे त्यात सूर मिसळतात. श्लोक येत नसेल तर गप्प बसून ऐका, ओठ हलवायची गरज नाही. त्यानंतर काही ठिकाणी 'नमः पार्वतीपते' आणि 'हर हर महादेव' होतं, वारकरी मंडळींत 'पुंडलिक वरदे'चा गजर होतो. शेजारचे आजोबा पानाभोवती पाणी फिरवतील, उजव्या बाजूला भाताची दोन-चार शितं ठेवतील. त्या चित्राहुती, म्हणजे जेवणाआधी अर्पण केलेला भात. तुम्हाला त्या घालायलाच हव्यात असं नाही, पण त्या सांडलेल्या समजून उचलून टाकू नका. यजमान रांगेपुढे हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हणाले की जेवायला लागा.

भात तीनदा येतो

नवखा माणूस पहिल्या वरणभातावरच पोट भरून घेतो आणि पुढच्या सगळ्या मेजवानीकडे हताशपणे बघत बसतो. म्हणून क्रम आधी माहीत हवा. पहिला भात साधा, वरण-तूप-लिंबाचा. मूद लहान असते आणि ती लहानच राहू द्यावी. मग पोळी किंवा पुरी आणि भाज्या. मधला भात म्हणजे मसालेभात, त्यावर खोबरं-कोथिंबीर आणि पुन्हा तूप. त्याच सुमारास मुख्य गोड येतं : जिलबी, श्रीखंड, पुरणपोळी, नाहीतर बासुंदी. जिलबीबरोबर मठ्ठा. शेवटी मागचा भात, म्हणजे ताकभात किंवा दहीभात. त्याच्यासाठी पोटात थोडी जागा हवीच. तो घेतला की जेवण आटोपत आलं हे वाढणाऱ्यांनाही कळतं.

पानावर वरण वाहतं. भाताला मधे खळगा करून त्यात वरण घ्यायचं, याला आळं करणं म्हणतात. भात थोडा थोडा कालवा, सगळी मूद एकदम कालवून लगदा करू नका. बोटांच्या पेरांनी जेवावं, तळहात माखू नये. कढी, अळू किंवा कटाची आमटी यांचा भुरका मारला तर कुणी वळून बघणार नाही, पण तोच आवाज वरणभात खाताना येऊ नये. मिरच्या, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगेचा चोथा पानाच्या एका कडेला ठेवावा, खाली जमिनीवर किंवा टेबलावर नाही.

'नको' म्हणायचं कसं

आग्रह हा पंगतीचा अर्धा कार्यक्रम असतो. यजमानाने एकदा विचारून गप्प बसणं हा कोरडेपणा समजतात आणि पाहुण्याने पहिल्याच विचारण्याला पान पुढे करणं हे जरा उतावीळपणाचं. त्यामुळे दोन्हीकडून थोडं नाटक चालतं. ते ओळखून त्यात भाग घ्यायचा.

पहिला नियम : रिकामी जागा म्हणजे 'वाढा'. जो पदार्थ परत नको असेल त्यातला एखादा घास पानावर राहू द्या आणि तो अगदी शेवटी खा. भाजी चाटूनपुसून संपवलीत की वाढपी न विचारता पळीभर ओतून पुढे जातो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पानावर टाकायचं नाही आणि रिकामंही दिसू द्यायचं नाही. ही कसरत एक-दोन लग्नांत जमते.

दुसरं, 'नको' वेळेवर म्हणा. परात तुमच्या शेजाऱ्यापाशी आली की तुम्ही डावा हात पानावर आडवा धरायचा. जिलबी पडल्यावर 'अहो, कशाला' म्हणण्यात अर्थ नाही, कारण पानावर पडलेलं परत उचलता येत नाही. ते उष्टं झालं. थोडं हवं असेल तर 'अर्धीच वाढा' असं म्हणा. पुरणपोळीला हे विशेष लागू आहे. अख्खी पोळी पानावर आली की ती संपवणं तुमच्यावर येतं, आणि ती संपवतानाच दुसरी येते.

तिसरं, शब्द. 'पुरे', 'बास', 'आत्ताच घेतली', 'भात घेईन अजून' हे सगळं चालतं. 'पोट भरलं' म्हणाल तर 'अहो, एका जिलबीला कुठे जागा लागते' हे उत्तर ठरलेलं आहे. मधुमेह असेल तर 'गोड चालत नाही' एवढंच सांगून हात आडवा ठेवा. साखर किती निघाली, गोळी कुठली चालू आहे, हे तपशील सांगायला लागलात की शेजारचे चारजण आपापले आकडे सांगतात.

आणि एखादा पदार्थ खरोखर आवडला तर मागून घ्या. 'अळू थोडं आणता का?' हे यजमानाला दहा कौतुकांपेक्षा जास्त आवडतं. नुसतं 'छान झालंय सगळं' यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पदार्थाचं नाव घ्यावं. मीठ कमी असेल तर ते पानावर वर मधोमध वाढलेलं आहे, त्याबद्दल जाहीर चर्चा नको.

आग्रह करणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. दोनदा 'नको' आलं की तिसऱ्यांदा वाढू नका. पूर्वी जिलब्यांच्या पैजा लागायच्या, हे ऐकायला मजेदार आहे. पण भरल्या पोटाच्या माणसाच्या पानावर बळेच टाकलेलं अन्न शेवटी बादलीत जातं.

उष्टा हात आणि कोरडा हात

जेवायला लागलात की उजवा हात उष्टा आणि डावा कोरडा. पाणी डाव्या हाताने प्यायचं, भांडं डाव्या हाताने उचलायचं. उष्ट्या हाताने पळी, डाव, लोणच्याची बरणी, तांब्या यांना स्पर्श करायचा नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे, आणि बुफेतही तो तितकाच लागू आहे. एका हाताने जेवत जेवत त्याच हाताने डाव धरणारे लोक बुफेच्या रांगेत सर्रास दिसतात. डावखुऱ्यांनी खुशाल डाव्याने जेवावं, फक्त मग उजवा हात कोरडा ठेवावा. एखादी आजी कुरकुरेल, तिच्याकडे बघून हसावं.

आपल्या पानातलं काढून दुसऱ्याच्या पानात घालू नये. आई-लेकरांचं सोडा, ते चालतं. फोन खिशात राहू द्या. उष्ट्या हाताने तो घेता येत नाही हे चांगलंच आहे. गप्पा माराव्यात, पण दुखणी, ऑपरेशनं आणि 'अमक्याच्या लग्नातलं श्रीखंड याहून घट्ट होतं' हे विषय टाळावेत. आचारी बहुतेक वेळा पाठीमागेच उभा असतो.

वाढायला उठवलं तर

घरच्या कार्यात तरुण मंडळींना हमखास 'जरा वाढायला ये' म्हणतात. आणि नातेवाइकांत ओळख करून घ्यायचा याहून चांगला मार्ग नाही. बादली डाव्या हातात, पळी किंवा ओगराळं उजव्या हातात. रांगेच्या एका टोकाला सुरुवात करायची आणि दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. मधूनच वळायचं नाही, कुणी हाक मारली तरी नाही. 'आलो, रांग पुरी करून येतो' म्हणायचं. पळी पानाला किंवा पानातल्या अन्नाला टेकू द्यायची नाही, चार बोटं वरून सोडायचं. वरण मात्र जरा खालून सोडा, नाहीतर शेजारच्याचा सदरा रंगतो. तोंडाने पदार्थाचं नाव घेत चालायचं : 'मठ्ठा... मठ्ठा...' म्हणजे पुढच्याला हात आडवा धरायला किंवा वाटी पुढे करायला वेळ मिळतो. तूप वाढायची जबाबदारी पहिल्याच दिवशी घेऊ नका, धार आवरणं अवघड असतं.

एकाच पंगतीत कुणाला जास्त, कुणाला कमी, कुणाला चांगलं, कुणाला उरलेलं असं वाढणं म्हणजे पंक्तिप्रपंच. आपल्या मित्राच्या पानावर चार जिलब्या आणि ओळख नसलेल्या पाहुण्याला एक, हाही पंक्तिप्रपंचच. सगळ्यांना सारखं वाढायचं. ज्याला नको तो नको म्हणेल.

आपल्याकडच्या पंगतीचा इतिहास या बाबतीत फार गोड नाही. कोण कुणाच्या पंक्तीला बसतो यावर माणसं वाळीत पडत. १८९० साली पुण्यात ख्रिस्ती पाद्र्यांच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून टिळक आणि रानडे यांच्यासह बऱ्याच नामवंतांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, आलं होतं. चहाचा कप तोंडाला लावला की नाही यावर वाद झाले, प्रायश्चित्तं झाली. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार असा प्रश्न होता. शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले आणि बरोबरच्यांनाही पाजला. त्यामुळे आज पंगतीत शेजारच्याचं आडनाव विचारून 'म्हणजे तुम्ही कुठले?' असं खोदत बसणं हा जेवताना होणारा सगळ्यात मोठा असभ्यपणा आहे, भुरक्यापेक्षा कितीतरी मोठा. 'मुलाकडचे की मुलीकडचे?' एवढं पुरतं.

गाव बदललं की

वर सांगितलेली पंगत पुण्या-मुंबईकडच्या शाकाहारी लग्नातली. खानदेशात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी असेल तर बट्टी चांगली कुस्करून वरणात आणि तुपात भिजवायची, कोरडी चावत बसू नका. कोल्हापुरात मटणाच्या जेवणाला तांबडा आणि पांढरा रस्सा वाटीवर वाटी येतो. पांढरा सरळ वाटीने पितात, आणि नळी चोखली तर कुणी नाक मुरडत नाही. कोकणात नि गोव्यात माशाचे काटे ताटाच्या कडेला लावून ठेवा आणि सोलकढी शेवटच्या भातासाठी राखा. सप्ताहाच्या किंवा भंडाऱ्याच्या महाप्रसादाला क्रम-बिम फारसा नसतो. जे वाढतील ते घ्यायचं, वाया घालवायचं नाही आणि जेवून झाल्यावर आपली पत्रावळ आपणच उचलायची.

ताटात हात धुवावा का, याला एक उत्तर नाही. काही गावांत तीच रीत आहे, काही घरांत ते अजिबात खपत नाही. घरातला थोरला माणूस काय करतो ते बघून करा.

उठताना

तुमचं आधी आटोपलं तरी बसून राहा. मधूनच एक माणूस उठला की बाकीच्यांचे हात भराभर चालायला लागतात. हात वाळत असतील तर चटणी चाखत बसा. घाई असेल, गाडी चुकणार असेल, तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना 'सावकाश होऊ द्या, मी उठतो' असं सांगून उठा. एरवी पंगतीतली वडीलधारी माणसं 'अन्नदाता सुखी भव' म्हणून हलली की सगळे उठतात. उठताना पान ओलांडायचं नाही, मागच्या बाजूने बाहेर पडायचं. चूळ भरून या, मग विडा किंवा बडीशेप घ्या आणि यजमान दिसले तर जेवण झाल्याचं सांगा. गर्दीत त्यांना 'कोण जेवलं, कोण राहिलं' हा घोर असतोच.

शेवटची पंगत वाढणाऱ्यांची आणि घरच्या बायकांची असते. तेव्हा तुम्ही मोकळे असाल तर एक बादली उचला. तोवर जिलबी गार झालेली असते आणि पापड सादळलेले असतात, पण अळू मुरून दाट झालेलं असतं आणि 'नको' म्हणणारंही कुणी नसतं.